दुखणे कोणाचे, दोष कोणाला?

घरातील स्त्रीला एच.आय.व्ही.ची लागण झाल्याचे कळले की आपल्या समाजात पहिली शंका तिच्या चारित्र्याविषयी घेतली जाते. पती आधीच वारला असेल, तर बोल लावण्यासाठी मागे तीच उरते. आम्हांस वाटते, ही शंका घेणाऱ्यांनी काही आकडे अवश्य पाहावेत.

१९९३ ते १९९६ या काळात डॉ. रमण गंगाखेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या स्त्रियांची पाहणी केली. त्यांतील ३९१ स्त्रिया शरीरविक्रय करणाऱ्या नव्हत्या. तरीही त्यांपैकी १३.६ टक्के स्त्रियांना लागण झालेली आढळली. या ३९१ जणींपैकी बहुतेकींचा आयुष्यात एकाच पुरुषाशी संबंध आला होता. पत्नीची निष्ठा तिचे रक्षण करू शकली नाही, कारण दुखणे पतीकडून घरात आले होते.

पुण्यात जे विवाहाच्या उंबरठ्याआड घडले, ते दक्षिण आफ्रिकेत विवाहापूर्वीच्या कोवळ्या वयात घडते. क्वाझुलू-नाताल प्रांतात विषाणूंची जनुकीय जुळणी करून लागणीचा माग काढण्यात आला व २०१६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पंचविशीच्या आतील तरुणींना ही लागण प्रामुख्याने त्यांच्याहून सरासरी सुमारे नऊ वर्षांनी मोठ्या पुरुषांकडून होत असल्याचे दिसले. स्त्रीदेहाला लागणीचा धोका मुळातच अधिक. त्यात दारिद्र्य आणि परावलंबन यांची भर पडली की नकार देण्याचे बळ उरत नाही. ते बळ शिक्षणाने येते. बोत्स्वानात १९९६ च्या सुधारणेनंतर मुले शाळेत एक वर्ष अधिक टिकली. त्यांच्यात लागणीचे प्रमाण घटले, आणि मुलींना त्याचा लाभ विशेष झाला.

मग आपण काय करावे? लग्न ठरविताना आपण मुलाची नोकरी विचारतो, घर पाहतो. रक्ततपासणीचे नाव काढणे मात्र अपमानाचे मानतो. वधूवरांनी दोघांनीही स्वेच्छेने तपासणी करून घ्यावी, हे वडीलधाऱ्यांनीच सुचवावे. ते बोलण्याची वेळ मुलीवर येऊ नये. सरकारी केंद्रांत २००४ पासून औषधे विनामूल्य मिळतात. ती नियमित घेऊन रक्तातील विषाणू पूर्ण दबला, तर शरीरसंबंधातून जोडीदारास लागण होत नाही.

आणि जिला हे दुखणे जडले आहे, तिचे ताट निराळे मांडू नये. सोबत जेवल्याने हा विषाणू कोणालाही लागत नाही.