दरबार आणि ओसरी

ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली, दौलतराव शिंद्यांच्या फौजेने १८१० च्या सुमारास जिथे तळ दिला आणि मग कधी हलवलाच नाही, त्या लष्कर नावाच्या नगरात मराठी माणसाला परकेपणा वाटत नाही. महाराजबाड्याभोवतीच्या गल्ल्यांतून हिंडताना, एखाद्या जुन्या वाड्याच्या दिंडीतून हिंदी वळणाची मराठी कानी पडली की आपल्या भाषेने केलेल्या मुलूखगिरीचा क्षणभर अभिमानही वाटतो. ह्या नगराने गायनाला काय दिले हे सर्वतोमुखी आहे. चित्रसृष्टीला त्याने वनमालाबाई दिल्या, ही नोंद मात्र आपल्या दप्तरात पुसट झाली आहे.

सुशीला पवार हे त्यांचे मूळ नाव. जन्म १९१५ मधला, उज्जयिनीचा; वडील रावबहादुर बापूराव पवार शिंदे सरकारच्या चाकरीतले वजनदार अंमलदार. अशा सरदारी इतमामाच्या घरातील मुलीने ग्वाल्हेरच्या व्हिक्टोरिया कॉलेजातून पदवी घ्यावी हेच त्या काळी नवल. तिने पुण्यास जाऊन शिक्षिकेची नोकरी धरावी, तेथे आचार्य अत्र्यांचा परिचय व्हावा, आणि १९४० साली ‘लपंडाव’ बोलपटातून वनमाला ह्या नावाने पडद्यावर यावे, हे तर घराण्याच्या इभ्रतीलाच आव्हान होते. वडिलांचा कोप असा की मुलीला माहेर दुरावले.

पुढच्याच वर्षी सोहराब मोदींचा ‘सिकंदर’ आला. पृथ्वीराज कपूर सिकंदर, स्वतः मोदी पोरस, आणि वनमालाबाई रुखसाना. परचक्राला तोंड देणाऱ्या राजाची ही कथा इंग्रज सरकारला इतकी झोंबली की छावण्यांतील काही चित्रगृहांत तिला मनाई झाली. त्या चित्रपटातील भारदस्त संवादांचा गडगडाट आज जरा कर्कश वाटतो, हे मान्य करावे लागेल. परंतु सिकंदराचे प्राण राखण्याचे वचन मिळवण्यासाठी शत्रूच्या दरबारात आलेली ती इराणी तरुणी, याचना करीत असतानाही, ज्या अदबीने मान ताठ ठेवते, ती अदब कोणा दिग्दर्शकाने तालमीत शिकवली असेल असे मला वाटत नाही. ती घरातून आलेली होती. त्यांच्या घाऱ्या डोळ्यांची वाखाणणी फार झाली. ह्या मानेची कोणी केल्याचे मला आठवत नाही.

मधल्या वर्षांत ‘वसंतसेना’, ‘पर्बत पे अपना डेरा’ असे अनेक चित्रपट झाले. त्यांची यादी देण्याचे येथे प्रयोजन नाही. कारण अत्र्यांनी १९५३ साली, साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’ला पडद्यावर आणताना कोकणातल्या त्या दरिद्री, व्रतस्थ, आजारी यशोदेसाठी ज्या नटीची निवड केली, ती शिंद्यांच्या राजधानीत, हुजऱ्यांच्या राबत्यात वाढलेली होती, आणि ह्याच विपरीत निवडीत त्या चित्रपटाचे सामर्थ्य आहे असे माझे मत आहे. दारिद्र्याचे प्रदर्शन मांडणाऱ्या अभिनेत्री पुष्कळ. सावकाराचा माणूस दारात येऊन अपमान करीत असता, ओसरीवर उभ्या स्त्रीचे कुलशील जसेच्या तसे दिसत राहावे, हे मात्र ज्याला दुर्मिळ म्हणावे असे कौशल्य. पोहण्याला भिणाऱ्या श्यामवर शिपटी उगारणारी ती आई वत्सल खरीच, पण तिच्या वात्सल्याला धाक आहे, आणि त्या धाकामुळेच ते भाबडेपणात विरघळत नाही. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक सुरू झाले तेव्हा पहिल्या पदकाचा मान ह्याच मराठी चित्रपटास मिळाला. महाराष्ट्राने त्यानंतर वनमालाबाईंना आई म्हणून इतके आपलेसे केले की त्या कुठून आल्या हे विचारण्याची गरजच कोणास भासली नाही.

चित्रपटसंन्यास घेऊन त्या वृंदावनी गेल्या आणि स्वामी हरिदासांच्या नावाने त्यांनी तेथे कलासंस्था उभारली. परंपरा हरिदासांना तानसेनाचे गुरू मानते, आणि तानसेनाची समाधी ग्वाल्हेरात आहे. तेव्हा विरक्तीतही बाईंनी आपल्या गावचाच धागा धरला होता असे म्हणण्यास हरकत नाही. २९ मे २००७ रोजी ग्वाल्हेरातच त्यांचे देहावसान झाले.

वाचकांना विनंती एवढीच की ‘श्यामची आई’ पाहून डोळे पुसून झाल्यावर, जमल्यास त्याच आठवड्यात, ‘सिकंदर’ही पाहावा, आणि रुखसानेची ती मान यशोदेच्या खांद्यांवर ओळखू येते का ते स्वतःच ठरवावे.