पोचपावत्या

१९७८ सालच्या भाद्रपदात, शाळूच्या पेरणीसाठी साऱ्या अहमदनगर जिल्ह्याचे डोळे आभाळाकडे लागलेले असताना, माझे वडील अल्पशा आजाराने प्रभूकडे गेले. तीन गावच्या शाळांत मिळून सव्वीस वर्षे त्यांनी शिक्षकाची नोकरी केली होती आणि त्यांच्यामागे आईला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळण्यास कायद्याची कोणतीही हरकत नव्हती; परंतु अर्ज दाखल करून सहा महिने लोटल्यावर असे कळविण्यात आले की, मधल्या शाळेतील सहा वर्षांच्या नोंदी सेवापुस्तकात आढळून येत नाहीत, सबब प्रकरण प्रलंबित ठेवण्यात आले आहे. त्या 'सबब'पासून अखेरच्या हुकुमापर्यंत सात वर्षे गेली.

आमच्या ख्रिस्ती मंडळीतील माणसे मायाळू होती. उपासना संपल्यावर मंदिराच्या ओट्यावर आईचा हात हातात घेऊन 'सलाम बाई' म्हणणारा प्रत्येक जण एवढेच सांगे की, देवाची वेळ आली म्हणजे सर्व होईल, आपण भरवसा ठेवावा. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो, आणि भरवसा म्हणजे मौन, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. म्हणून एका रविवारी, आई दुसऱ्या दिवशीच्या कचेरीच्या फेरीसाठी कागद लावीत बसली असता, मी तिला म्हणालो, "आई, तू प्रार्थना करतेस ना? मग हे खेटे कशाला? त्याच्या वेळेवर सोड ना." तिने कागदांवरून नजर न उचलता उत्तर दिले, "देवाची वेळ चुकत नाही, बाळा. कारकुनाची चुकते. दोघांचा हिशेब एका वहीत मांडू नकोस."

त्या उत्तराचा अर्थ माझ्या ध्यानी येण्यास फार काळ लागला. लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने जो दाखला सांगितला आहे, त्यातील विधवा आम्ही शब्बाथशाळेपासून ऐकत आलो होतो. पण ती विधवा घरात गुडघे टेकून बसली नव्हती, ती त्या बेमुर्वत न्यायाधीशाच्या दारी पुनःपुन्हा जात होती, आणि खचून न जाता प्रार्थना कशी करावी हे शिकविण्यासाठी प्रभूने निवड केली ती नेमकी अशा फिर्यादी बाईची, ही गोष्ट माझ्या मनात कधी ठसली नव्हती. त्या दाखल्यात न्यायाधीश हा देवाचे चित्र नव्हे. तो देवाच्या अगदी उलट आहे, आणि म्हणूनच तर तो दाखल्यात आहे. माणसाच्या हयगयीला ईश्वराची इच्छा म्हणणे ही नम्रता नव्हे, तो ईश्वरावर केलेला खोटा आरोप होय, असे मी आज निःशंकपणे म्हणेन.

आईची रीत ठरलेली होती. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक स्मरणपत्र, मागील सर्व पत्रांच्या तारखा व आवक क्रमांक समासात नोंदून, रजिस्टर डाकेने जाई. पोचपावती परत आली की ती वडिलांच्या जुन्या खादीच्या पिशवीत पडे. आणि तीन महिन्यांतून एकदा पहाटेची एस.टी. धरून आई स्वतः जिल्ह्याच्या ठिकाणी जाई. उरलेल्या दिवसांत ती शिवणयंत्रावर बसे आणि रात्री कंदिलाशी मुलांच्या शिकवण्या घेई. कचेरीच्या बाकावर तिला तिच्यासारख्याच बाया भेटत, कोणी मराठ्यांची, कोणी मुसलमानाची, कोणी आमच्यातली, ज्यांना अर्ज कोणत्या मेजावर द्यावा हेही ठाऊक नसे. त्यांचे अर्ज आई लिहून देऊ लागली. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून तर आमच्या ओसरीवर बुधवारी अशा बायांची रीघ लागे.

हे सारे गोड करून सांगण्याची मला इच्छा नाही. त्याच वर्षांत माझ्या धाकट्या बहिणीला अध्यापक विद्यालयात जागा मिळाली होती आणि फीची मुदत टळल्यामुळे ती जागा गेली. बहीण पुढे शिक्षिका झाली नाही. त्या रात्री आई स्वयंपाकघरात मोठ्याने, जवळजवळ भांडल्यासारखी, प्रार्थना करीत होती. मी दाराआड उभा होतो आणि मला भीती वाटली. नंतर तिने पवित्र शास्त्र उघडून मला बेथानीचा प्रसंग काढून दिला: लाजर आजारी असल्याचा निरोप मिळूनही येशू होता तेथेच आणखी दोन दिवस राहिला, आणि तो पोहोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था घरात बसून राहिली नाही. ती गावाबाहेर त्याला सामोरी गेली आणि आपली तक्रार तिने त्याच्या तोंडावर सांगितली. "तिने तक्रार केली ती त्याच्याशीच," आई म्हणाली, "दुसऱ्या कुणापाशी नाही." तेराव्या स्तोत्राच्या आरंभी दाविद एकच प्रश्न चार वेळा विचारतो, हेही तिनेच मला मोजून दाखविले.

आईच्या उशाशी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' असत. १८९५ साली त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंनी तो घेईपर्यंत सुमारे पाच वर्षे लोटली. ती वर्षे लिहिताना या बाईने आपला संताप आणि आपले रडे कोठेही झाकले नाही, म्हणून आईला त्यांचा आधार वाटे. पुढे टिळकांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य त्याच लक्ष्मीबाईंनी पुरे केले, ही गोष्ट ती बुधवारच्या बायांना सांगे.

आमच्याकडच्या शाळूला पेरणीनंतर पाऊस फारसा लाभत नाही. काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर तो वाढतो. सकाळी धुक्यातून एस.टी.कडे जाणारी आई आणि बांधापलीकडची ती ओली ताटे, असे चित्र त्या वर्षांतील म्हणून माझ्या मनात राहिले आहे. तिच्यात ती ओल कोठून येत होती ते मी जाणतो, कारण ती पहाटे चारला उठून काय करीत असे ते मी ऐकले आहे.

१९८६ च्या फेब्रुवारीत, मधल्या शाळेच्या एका जुन्या पगारपत्रकावरून ती सहा वर्षे मान्य झाल्याचा हुकूम थकबाकीच्या आकड्यासह आला. आईने तो दोनदा वाचला, वडिलांच्या तसबिरीखाली ठेवला आणि चूल पेटवायला गेली. पिशवीत एक्याऐंशी पोचपावत्या होत्या. तो मंगळवार होता. दुसऱ्या दिवशी ओसरीवर चार बाया आल्या, आणि त्यांतल्या एकीचे प्रकरण नवे असल्यामुळे आईने मला कोरा कागद आणावयास सांगितले.