खाऊचे पाकीट आणि आपली मुले

दर रविवारी सकाळी आमच्या वस्तीतील विहारात बालसंस्कार वर्ग भरतो. त्रिसरण-पंचशील झाले, की मुलांच्या हातावर खाऊ ठेवायचा, ही प्रथा आम्हीच पाडली. कारकुनी पेशामुळे त्याचा पै-पैचा हिशेबही आम्ही वहीत लिहून ठेवतो. मागे एकदा ती वही उघडली आणि आमची आम्हालाच लाज वाटली. वर्षभरात पानोपानी वेफर्स, क्रीमची बिस्किटे, रंगीत सरबत. केळी दोनदा, शेंगदाणे एकदा.

वही उघडण्याला कारण घडले ते आमच्या घरात. सातवीत शिकणाऱ्या आमच्या मुलाची शाळेत आरोग्य तपासणी झाली. उंचीच्या मानाने त्याचे वजन बरेच जास्त निघाले. आमच्या आईला हे पटेना. "आमच्या पोटाला भाकर मिळाली न्हाई, अन् तू लेकराचे घास मोजतोस व्हय?" ती म्हणाली. १९७२ च्या दुष्काळात तिने खडी फोडली, सुकडीवर दिवस काढले. तिच्या डोळ्यांना गुबगुबीत नातू म्हणजे संपलेला दुष्काळ. तिला आम्ही काय उत्तर देणार?

पण खरी चूक आमच्या हातून पुढे झाली. पुढच्या रविवारी खाऊ वाटताना, सगळ्यांच्या देखत, आम्ही मुलाला म्हणालो, "तुला आजपासून पाकीट नाही." मुले हसली. कोणीतरी "जाड्या" म्हणून ओरडले. नंतरचे दोन रविवार पोट दुखण्याचे निमित्त करून तो विहारात आलाच नाही. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पंगतीत वेगळे बसण्याचा अपमान सोसला, त्या समाजातला बाप आपल्याच लेकराला विहाराच्या पंगतीतून उठवतो! हे ध्यानात आले, त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

संयुत्तनिकायात कोसलराजा पसेनदीची हकिगत आहे. राजा भरपूर जेवून, धापा टाकीत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याची थट्टा केली नाही. खाण्याचे प्रमाण जाणणाऱ्याचे दुःख कमी होते, एवढेच सांगितले. राजाने ते वचन रोज जेवणाच्या वेळी म्हणून दाखवायला सुदस्सन नावाच्या तरुणाला नेमले आणि हळूहळू आपला आहार कमी केला. आठवण करून द्यायची, पण अपमान करायचा नाही, हा धडा आम्ही विसरलो होतो.

त्याच वर्गात एक मुलगी आहे. अंगाने काडी, खेळताना लवकर दमते. तिची आई पहाटेच धुण्याभांड्याच्या कामाला जाते, म्हणून सकाळी पाच रुपयांचे पाकीट हीच तिची न्याहारी. म्हणजे एकाचे वजन जास्त, दुसरीचे कमी, आणि दोघांच्या हातात पाकीट मात्र एकच! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली. अशी बालके आणि जाड मुले आज एकाच वस्तीत, कधी एकाच घरात वाढतात. दोघांनाही हवे आहे ते खरे अन्न.

डॉक्टरताईंनी आम्हाला समजावले, की वाढत्या मुलाला उपाशी ठेवायचे नाही. उंची वाढत असताना वजन जागेवर राहिले तरी पुष्कळ. त्याच्या एकट्याचे ताट वेगळे करू नका, घरातल्या सगळ्यांचेच बदला. ३०० मिलीलीटर शीतपेयात साधारण ३० ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. ते घरात आणणेच आम्ही बंद केले. आईलाच विचारून ज्वारीची भाकरी, तांदुळजा, मटकीची उसळ, सुकट पुन्हा ताटात आणली. गरिबीचे म्हणून जे आपण टाकले, त्यात बरेच सत्त्व होते. संध्याकाळी टीव्ही आणि मोबाईल बंद करून तासभर मैदानावर खेळ. मुलांनी रोज किमान ६० मिनिटे अंगमेहनतीची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

विहारात आता उकडलेले हरभरे, शेंगदाणे-गूळ, केळी आणि महिन्यातून दोनदा उकडलेली अंडी असतात. सर्वांना सारखे, कोणालाही वगळून नाही. चिडवायचे नाही, हा वर्गाचा नियम झाला. हिशेबाच्या वहीत खर्च थोडा वाढला, पण तो उपासक-उपासिकांनी आनंदाने वाटून घेतला. आमच्या मुलाचे वजन अजून फारसे उतरलेले नाही. पण तो विहारात येतो, अंडी सोलून लहानग्यांना वाटतो. ती मुलगी हल्ली दुसरे अंडे मागून घेते.

समाजबांधवहो, भीमजयंतीला आपण मुलांना पाकिटे आणि रंगीत सरबत वाटतो. भावना चांगलीच असते. पण ज्या महामानवाने शिक्षणासाठी परदेशात अर्धपोटी दिवस काढले आणि पुढे मधुमेहाने गांजूनही समाजासाठी लेखणी खाली ठेवली नाही, त्यांच्या जयंतीला मुलांच्या हातावर मूठभर चणे आणि एक केळे पडले, तर ते अधिक शोभेल. आपली मुले शिकावीत, हे तर खरेच. पण शिकायला बसणारे शरीरही धड हवे.

जयभीम!