हुबेहूब

नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटच्या एका बाजूला पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम अख्खा मावतो आणि दुसऱ्या बाजूला ‘विश यू वेअर हिअर’. पहिला जेमतेम ४३ मिनिटांचा, दुसरा ४४. मी शाळेत होते तेव्हा दादानं मला हा हिशेब मोठ्या आनंदानं समजावून सांगितला होता. डोंबिवलीच्या टिळकनगरात आमच्या दोन खोल्या होत्या. तिथं ती कॅसेट इतकी वाजली की फीत ताणली गेली आणि सुरुवातीचा लांब सूर किंचित लहरत यायला लागला. पुढे चांगल्या प्रतीचं रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा ती लहर नाही म्हणून मलाच चुकल्यासारखं झालं.

बाबा गीतरामायणातले, भीमसेन जोशींतले. ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ सुरू झालं की ते पेपरातून मान वर करायचे. “यात माणूस गाणार कधी?” प्रश्न रास्त होता. त्या रचनेत पहिला शब्द यायला साडेआठ मिनिटांहून जास्त लागतात. दादा म्हणाला, “बाबा, भीमसेन विलंबित गातात तेव्हा तुम्ही घड्याळ बघता का?” बाबा काही बोलले नाहीत. पण त्यानंतर कॅसेट लागली की ते पेपर घडी करून ठेवायचे.

दादा मागच्या उन्हाळ्यात गेला. आजार कळला तेव्हाच उशीर झालेला होता. एमआयडीसीतल्या रंगांच्या कारखान्यात आयुष्यभर शिफ्ट केल्या, निवृत्तीनंतर काय काय ऐकायचं याची यादी करून ठेवली होती. ती यादी वहिनीकडे आहे.

दादाच्या मुलानं परस्पर तिकिटं काढली. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या एका मॉलच्या वरच्या मजल्यावर पिंक फ्लॉइडची गाणी वाजवणारा एक ट्रिब्यूट बँड येणार होता. “आत्या, तू येच,” एवढंच म्हणाला. वहिनी नको म्हणाली. मी तिला आग्रह केला नाही.

दुसऱ्याची गाणी जशीच्या तशी वाजवणाऱ्यांकडे बघून नाकं मुरडणारे पुष्कळ असतात. मला त्यांचं म्हणणं कधीच पटलं नाही. बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, २००२ साली गेले, पण गीतरामायणाचे कार्यक्रम काही थांबले नाहीत. डोंबिवली-कल्याणच्या सभागृहांत लोक आजही ती गाणी दुसऱ्या गळ्यांतून ऐकतात आणि डोळे पुसत बाहेर पडतात. त्याला कुणी नक्कल म्हणत नाही. गाणं टिकतं ते असंच, एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जात. मग गिटारला वेगळा न्याय का? ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडमध्ये १९८८ साली असाच एक बँड उभा राहिला, ‘द ऑस्ट्रेलियन पिंक फ्लॉइड शो’. खुद्द पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मोरनं त्यांना आपल्या पन्नासाव्या वाढदिवसाला वाजवायला बोलावलं होतं. ज्यानं ते सूर घडवले त्यानंच समोर बसून ते दुसऱ्यांच्या हातून ऐकले.

फेब्रुवारी २००७ मध्ये पिंक फ्लॉइडच्या चौघांपैकी एक, रॉजर वॉटर्स, मुंबईत आला होता. बीकेसीच्या मैदानावर त्यानं ‘डार्क साइड’ सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवला. भाचा तेव्हा रांगत होता. दादा सेकंड शिफ्ट बदलून गेला आणि मध्यरात्रीनंतर घरी पोचला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, “चौघांतला एकच होता गं. गिटार दुसऱ्याची, कीबोर्ड दुसऱ्याचा. म्हणजे तोही आता ट्रिब्यूटच.” हे त्यानं तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. चौघांनी शेवटचं एकत्र वाजवलं ते २ जुलै २००५ ला, लंडनच्या हाइड पार्कात. २००८ मध्ये त्यांच्यातला रिक राइट गेला आणि तो रस्ताच संपला. जगात कुणी कितीही पैसे मोजले तरी आता पिंक फ्लॉइड समोर बसून ऐकता येणार नाही. कुणीतरी मनापासून वाजवावं, एवढंच उरलं.

दादाचं ऐकणं लोकलवर बेतलेलं होतं. माटुंग्याच्या कॉलेजातून येताना वॉकमन लावायचा, आणि ठाण्यानंतर फास्ट गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरायची वेळ झाली की बंद करायचा. सव्वा किलोमीटरचा तो गडगडाट संपला की पुन्हा सुरू. दर ऑगस्टमध्ये ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सवासाठी मित्रांबरोबर धोबी तलावच्या रंगभवनात जायचा. तिथं वर छप्पर नाही, पाऊस हमखास. चालत व्हीटी गाठून शेवटच्या गाडीनं चिंब भिजलेला परतायचा. आई टॉवेल घेऊन दारात उभी. रंगभवन शांतता क्षेत्रात येतं म्हणून तिथले कार्यक्रम पुढे बंद झाले. काळा घोड्याचं ‘ऱ्हिदम हाउस’ हे रेकॉर्डचं दुकान २०१६ मध्ये मिटलं. २०२२ पासून फास्ट लोकल बोगद्यातून जात नाहीत, कळवा-मुंब्र्यावरून वळतात. हे सगळं त्यानं एकेक करून मला फोनवर कळवलं होतं, जवळचं माणूस गेल्याचं कळवावं तसं.

ठाण्याच्या त्या हॉलमध्ये दिवे मालवले आणि ‘शाइन ऑन’चा कीबोर्डवरचा पहिला सूर आला. मूळ ध्वनिमुद्रणात त्या सुराखाली पाण्यानं भरलेल्या काचेच्या ग्लासांच्या कडा घासून काढलेला नाद आहे. या मुलांनी तोही मिळवला होता. मग गिटारची ती चार सुरांची ओळ. मधलं अंतर तेवढंच, थांबणं तेवढंच. कुठंही उणं नव्हतं, आणि म्हणूनच शेजारी दादा नाही हे मला त्या क्षणी पुरतं कळलं. बँड बेसूर असता तर मी त्यांच्या चुका मोजत बसले असते. त्यांनी सगळं जागच्या जागी आणून ठेवलं आणि फक्त एक जागा रिकामी राहिली.

ती रचनाही अशाच एका जागेबद्दल आहे. सिड बॅरेटनं हा बँड उभा केला आणि मनाच्या आजारानं १९६८ मध्येच तो त्यातून बाहेर पडला. जून १९७५ मध्ये मित्र स्टुडिओत त्याच्यावरच्या याच गाण्यावर काम करत होते, तेव्हा एक स्थूल माणूस आत येऊन उभा राहिला. डोकं आणि भुवया भादरलेल्या. बराच वेळ त्याला कुणी ओळखलं नाही. तो सिड होता. दादा हे सांगताना दर वेळी इथं थांबायचा. शेवटच्या महिन्यात त्याचे केस गेले, चेहरा सुजला, आणि भेटायला आलेले कारखान्यातले मित्र दारात क्षणभर घुटमळले. त्यानं माझ्याकडे पाहिलं. दोघांनाही एकच गोष्ट आठवली होती.

सॅक्सोफोन वाजवायला साठीतले एक गृहस्थ होते, पांढरा शर्ट, समोर नोटेशनचा कागद. एरवी ते हिंदी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात वाजवतात, असं निवेदकानं सांगितलं. त्यांनी मूळ रेकॉर्डवरची डिक पॅरीची ओळ इतक्या निगुतीनं वाजवली की पोरांनी उभं राहून टाळ्या दिल्या. दादाला ते फार आवडले असते.

मग ‘द ग्रेट गिग इन द स्काय’. जानेवारी १९७३ मध्ये क्लेअर टोरी नावाच्या २५ वर्षांच्या गायिकेला बोलावून मरणावरच्या या संगीतावर शब्दांशिवाय गायला सांगितलं. रविवार म्हणून दुप्पट दर, ३० पौंड. संगीतकार म्हणून तिचं नाव लागायला कोर्टाची पायरी चढावी लागली आणि २००५ साल उजाडलं. ठाण्यात गायली ती मुलगी ख्याल शिकलेली असणार. तिच्या मींडेत ते लपत नव्हतं. शेवटच्या आठवड्यात दादाचे शब्द गेले होते. आम्ही त्याच्याशी बोलत राहिलो, धीराचं, खोटंखोटं, खूप. तिनं एकही शब्द न उच्चारता ते सगळं बाजूला सारलं. मी रडले, मोठ्यानं, आणि थांबवायचा प्रयत्न केला नाही.

शेवटी ‘कम्फर्टेबली नम्ब’. दुसऱ्या सोलोत गिटारवाल्या मुलानं अर्ध्यावर रेकॉर्ड सोडली आणि स्वतःचं काही वाजवू लागला.

ठाणे स्टेशनबाहेर वडापाव घेताना मी म्हटलं, त्यानं तसं करायला नको होतं. त्या सोलोतला एकही सूर हलवायचा नाही, दादाचा नियम होता. भाचा उसळला. “मला तेवढंच सगळ्यात आवडलं, आत्या. आणि गिल्मोर तरी कुठे दर वेळी तेच वाजवतो? ‘पल्स’मधलं लाइव्ह ऐक, तो सोलो केवढा लांबलाय, वेगळा आहे.” मी म्हटलं, तो गिल्मोर आहे, त्याला अधिकार आहे. तो म्हणाला, अधिकार वाजवूनच मिळतो. वडापाव गार झाले, दोन गाड्या गेल्या, आमचं काही मिटेना. ‘पल्स’ दादाच्या कपाटात आहे. रविवारी वहिनीकडे बसून मूळ सोलो आणि तो लागोपाठ लावायचं ठरलं आहे.