एका दिशेला तोंड

प्रकाश हा स्वभावाने अलिप्त असतो, असे आम्ही शाळेत शिकलो. दोन किरण एकमेकांना छेदून जातात. कोणी कोणाला बदलीत नाही. काचेत शिरलेला तांबडा प्रकाश तांबडाच बाहेर पडतो. परंतु १९६१ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणकाच्या लेसरचा तांबडा झोत क्वार्ट्‌झच्या स्फटिकातून पाठविला, तेव्हा त्यासोबत निम्म्या तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाशही बाहेर आला. छायापट्टीवरील त्याचा ठिपका इतका पुसट होता की, छपाईच्या वेळी तो डाग समजून काढून टाकला गेला, असे सांगतात. त्या शोधनिबंधातील बाण आजही रिकाम्या जागेकडे रोखलेला आहे. अरेषीय प्रकाशिकीचा आरंभ हा असा झाला.

हा क्षीण परिणाम प्रबळ करण्यासाठी शास्त्रज्ञ पुढे सेंद्रिय पदार्थांकडे वळले. पॅरा-नायट्रोअ‍ॅनिलीनचा रेणू पाहा. त्याच्या एका टोकाला इलेक्ट्रॉन देणारा गट आहे, दुसऱ्या टोकाला घेणारा. एकटा रेणू मोठा गुणवान! पण स्फटिकात हे रेणू एकमेकांच्या उलट दिशेला तोंडे करून जोडीने बसतात आणि एकाचा गुण दुसरा खोडून काढतो. हाती शून्य उरते. १९७९ साली बेल प्रयोगशाळेतील संशोधकांनी याच रेणूला एक लहानसा मिथिल गट जोडलेला पदार्थ तपासला. त्या गटामुळे रेणूंची जुनी जोडी मोडली होती, त्यांची तोंडे बव्हंशी एका दिशेला वळली होती आणि लिथियम नायोबेटसारख्या नामांकित स्फटिकालाही मागे टाकणारा परिणाम हाती आला.

आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी असेच स्फटिक वाढविते. तिच्या आईने एकदा आम्हांस विचारले, "फादर, एवढी शिकून माझी पोर बरणीत मीठच पिकवते काय?" मिठागरे पाहत वाढलेल्या बाईचा हा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. येथेही द्रावण हळूहळू आटू द्यायचे असते; घाई केली की चुरा हाती येतो. मात्र मिठाच्या स्फटिकाची रचना चहूकडून सममित, म्हणून हे काम त्याच्याकडून होत नाही. सेंद्रिय स्फटिक नाजूक. आठवडे राखलेला स्फटिक कापताना तडकतो. रेणूचा गुण वाढवावा, तर पदार्थ पिवळा पडतो आणि हवा तोच प्रकाश गिळू लागतो. एक साधावे, तर दुसरे सुटते. तीन वर्षांत तिच्या हाती दाखविण्याजोगे फार थोडे आले. घरात नोकरीचा विषय रोज निघतो.

तिच्या प्रयोगशाळेत आम्ही एक परीक्षा पाहिली. तडकलेल्या स्फटिकांची पूड काचेच्या नळीत भरून तिने १०६४ नॅनोमीटरचा अदृश्य लेसर तीवर सोडला. पुडीतून हिरवा प्रकाश चमकला.

वाचकहो, आईच्या प्रश्नाला आमच्यापाशी याहून मोठे उत्तर नाही. "मीठच आहे, बाई," आम्ही तिला सांगितले, "फक्त याला पिकायला अधिक दिवस लागतात. तेवढे दिवस तिला द्या."