नाव आणि साल

पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाने घरात नवे यंत्र आणू नये, असा एखादा नियम आपल्या स्मृतिकारांनी घालून ठेवला असता, तर गेल्या उन्हाळ्यातला माझा बराच मनस्ताप वाचला असता. तसा नियम नसल्यामुळे मे महिन्याच्या सुटीत, वऱ्हाडचे ऊन दारे-खिडक्या लावून बसावयास भाग पाडीत असता, मी एक उद्योग आरंभिला. घरातल्या साऱ्या चित्रपटांचे एक ग्रंथालय मांडावयाचे, आणि आईला हवा तो चित्रपट बैठकीतल्या टीव्हीवर हव्या त्या वेळी दिसेल अशी व्यवस्था करावयाची.

आमच्या घरचे चित्रपट दोन जातींचे. पहिली जात वडिलांच्या आवडीच्या जुन्या बोलपटांची: प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम', १९३९ चा 'माणूस', १९४१ चा 'शेजारी', अत्र्यांचा १९५३ चा 'श्यामची आई'. दुसरी जात चौदा व्हिडिओ कॅसेटांची. ही वडिलांनी स्वतः कॅमेरा धरून टिपलेली घरगुती चित्रणे. कॅसेटच्या फितीवर लोखंडाच्या ऑक्साइडचा लेप असतो; दमट हवेत तिला बुरशी धरते आणि वर्षांगणिक तिच्यावरचे चित्र फिके होत जाते. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी त्या अमरावतीस नेऊन संगणकाच्या फाइलींत उतरवून घेतल्या होत्या. कॅसेटांवर वडिलांनी निळ्या शाईने एक ते चौदा असे आकडे तेवढे घातले होते. दुसरे अक्षर नाही. आत काय आहे हे त्यांना पाठ होते, आणि जे पाठ असते ते लिहून ठेवावे असे कोणालाच वाटत नाही. त्यांना जाऊन आता अकरा वर्षे झाली.

असे ग्रंथालय लावून देणारी सॉफ्टवेअरे आज अनेक आहेत. कोडी, प्लेक्स, जेलीफिन ही त्यांतली परिचित नावे. मी कोणते घेतले ते सांगत नाही. कारण दोष बहुतेक माझे होते, आणि उरलेल्यांचा बोभाटा करण्यात अर्थ नाही. या साऱ्यांची रीत साधारण एकच. आपण फाइली कोठे आहेत ते दाखवावयाचे. मग आतला अदृश्य ग्रंथपाल एकेका फाइलीचे नाव वाचतो, इंटरनेटवरच्या एखाद्या मोठ्या चित्रपटसूचीत ते धुंडाळतो, आणि तेथून भित्तिचित्र, साल, नटनट्यांची नावे व कथासार आणून प्रत्येक चित्रपट फळीवर नीट मांडतो. ऐकावयास किती सोपे!

पहिल्या दिवशी फळ्या उत्तम भरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो साऱ्या रिकाम्या. अमरावतीला राहणाऱ्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, डिस्कचं अक्षर बदललं असेल." तसेच झाले होते. संगणक सुरू करताना मध्ये एक पेनड्राइव्ह लावलेला राहिला होता. त्यामुळे काल ज्या डिस्कला संगणकाने 'ई' म्हटले तिलाच आज तो 'एफ' म्हणत होता, आणि ग्रंथपाल बिचारा जुन्या पत्त्यावर जाऊन रिकाम्या हाताने परत येत होता. डिस्कला कायमचे अक्षर नेमून दिल्यावर सारे पूर्ववत झाले. पुढे टीव्हीला ग्रंथालय सापडेना. संगणक घरच्या नेटवर्कवर होता आणि टीव्ही मी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या निराळ्या नेटवर्कला जोडून दिला होता. एकाच छपराखाली राहून दोघांची गाठ पडण्याचा मार्गच नव्हता.

खरी गंमत नावांची झाली. आईने 'श्यामची आई' लावावयास सांगितला, तर अत्र्यांच्या चित्रपटावर २०२३ साली निघालेल्या त्याच नावाच्या चित्रपटाचे भित्तिचित्र लागलेले. भाच्याने नियम सांगितला: प्रत्येक चित्रपटाला स्वतंत्र फोल्डर, फोल्डरला चित्रपटाचे नाव, आणि नावापुढे कंसात साल. मी साल घातले ते देवनागरी आकड्यांत. माझ्या ग्रंथपालास ते साल वाटेचना! इंग्रजी आकडे घातले तेव्हा त्याने मान हलविली. आवृत्तीचे साल न लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण कापण्यात माझी तीस वर्षे गेली आहेत. तोच गुन्हा स्वतः करून एका यंत्राकडून शिक्षा घेण्याची पाळी माझ्यावर यावी, हा न्यायच म्हणावयाचा.

हे यश डोक्यात शिरून मी कॅसेटांच्या चौदा फाइलीही त्याच ग्रंथालयात लोटल्या. त्यांतल्या एकीला, तीत आई अंगणात पापड वाळवताना दिसते म्हणून, मी नुसते 'आई' असे नाव दिले होते. संध्याकाळी आई टीव्हीसमोर येऊन बसली आणि थबकली. त्या नावाखाली हातात पिस्तूल घेतलेली कोणी परदेशी स्त्री उभी होती.

"ही बाई कोन होय रे बाबू?" आईने विचारले. "आपल्या वळखीची त दिसत नाही."

मी हसलो, ती हसली नाही. तिचे बरोबर होते. त्या ग्रंथपालाला 'मला ठाऊक नाही' असे म्हणणे शिकविलेले नव्हते. जगाच्या सूचीत जे नाही त्यालाही तो सूचीतलेच एखादे नाव चिकटवून देत होता. यावरचा उपाय सोपा निघाला. घरगुती चित्रणांसाठी वेगळे ग्रंथालय करता येते, आणि त्यात इंटरनेटवरचा शोध बंद ठेवता येतो. मग फाइलीवर आपण लिहू तेवढेच नाव, आणि आतलेच एखादे दृश्य. परदेशी बाई गेली. पण तिच्या जागी चौदा आकडे उरले.

आम्ही रोज एक फाइल पाहू लागलो. नवव्या आकड्याशी मी अडलो. चित्र चांगले होते, पण आवाज नव्हता. दाटीवाटीने बसलेले शेकडो लोक दिसत होते, आणि ऐकू काहीच येत नव्हते. मी टीव्हीचा आवाज तपासला, ध्वनीची मांडणी बदलून पाहिली, टीव्हीला न कळणारी फाइल संगणक आधी रूपांतरित करून पाठवितो त्या व्यवस्थेवर संशय घेतला, शेवटी कॅसेट उतरवून देणाऱ्या दुकानदाराला मनातल्या मनात चार शब्द सुनावले. यात तासभर गेला. आई शांतपणे पाहत होती.

"आवाज कायचा येईन?" ती म्हणाली. "मौन होय ते."

तुकडोजी महाराजांनी १९३५ साली हा गुरुकुंज वसविला आणि १९६८ साली येथेच देह ठेवला. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात सारा जनसमुदाय स्तब्ध होऊन मौन श्रद्धांजली वाहतो. मोझरीत वाढलेल्या मला हे सांगावे लागावे! ज्याला मी बिघाड समजत होतो ती हजारो माणसांनी मिळून पाळलेली शांतता होती. खात्री करून घ्यावी म्हणून मी आवाज अगदी शेवटच्या रेषेपर्यंत वाढविला. तेव्हा दूरवरचा एक कावळा ऐकू आला, कोणाच्या तरी मुलाची कुरकुर आली, आणि मग अगदी जवळ, जणू टीव्हीच्या मागेच, कोणी दाबून धरलेला खोकला.

"तुहे बाबा," आई म्हणाली.

चौदाही चित्रणांत वडील कोठेच दिसत नाहीत. कॅमेरा त्यांच्याच हाती असे. हे तोवर माझ्या ध्यानातही आले नव्हते.

त्या रात्री मला 'आलम आरा' आठवला. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात लागलेला हा भारताचा पहिला बोलपट. त्याचे नाव, साल, दिग्दर्शक अर्देशिर इराणी, नटनट्या, सारे आपणास ठाऊक आहे. त्याची एकही प्रत मात्र आज उपलब्ध नाही. आमच्या घरी याच्या उलट अवस्था होती. चित्र शाबूत होते, आणि त्यातली माणसे कोण हे सांगणारी सूची एकाच ठिकाणी होती: ब्याऐंशी वर्षांच्या एका बाईच्या डोक्यात.

तेव्हापासून प्रार्थनेहून आई परत आली की आम्ही ते मौन थांबवून थांबवून पाहतो. ती बोट ठेवते, मी लिहितो. पहिल्या रांगेतला फेट्याचा म्हातारा. त्याच्यामागे तिची माहेरची मैत्रीण. खांबापाशी किराणा दुकानदार, त्याच्या मांडीवर आज नागपुरास डॉक्टर असलेला मुलगा. आतापर्यंत एकतीस नावे झाली. काही चेहऱ्यांपाशी तिचे बोट थांबते, जरा कापते, आणि पुढे सरकते. तेथे मी 'अज्ञात' असे लिहितो. भलते नाव चिकटविण्यापेक्षा ते बरे. या नोंदींची आणि साऱ्या फाइलींची दुसरी प्रत अकोल्याला भावाकडे ठेवली आहे, कारण डिस्कही एक दिवस बंद पडतेच.

साल तेवढे राहिले होते. "तुले नोकरी लागली त्याच वर्साची गोठ होय," आई म्हणाली. म्हणजे १९९४. मी फाइलीवर 'मौन' असे नाव घातले आणि पुढे कंसात साल लिहिले. देवनागरी आकड्यांतच लिहिले, कारण येथे यंत्राने वाचलेच पाहिजे असे नाही. खाली चित्रण करणाऱ्याचे नाव लिहिण्याची एक जागा होती. आईने तेथे वडिलांचे नाव मला दोनदा वाचून दाखवावयास लावले.

अजून पाच फाइली बिननावाच्या आहेत. उद्या दहावी.