श्वास रोखायचा नाही

दरवर्षी २० मार्चला मी मुलांना महाडचा इतिहास सांगते. १९२३ साली मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा बोले ठराव संमत केला. १९२७ साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरून ओंजळीने पाणी प्राशन केले. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. तीन वर्षांपूर्वी हे सांगत असताना सातवीतल्या एका मुलीने विचारले, "बाई, तुम्ही कधी तळ्यात उतरलात?" मी निरुत्तर झाले. पन्नाशी उलटली तरी माझे डोके कधी पाण्याखाली गेले नव्हते.

आमची आजी विहिरीपासून दूर घागर ठेवून तासन्‌तास बसे. कोणी वरून पाणी ओतले, तरच घरी चूल पेटे. पुढे विहीर खुली झाली. पण "पाण्याकडं जाऊ नगा" हा तिचा धाक आमच्या अंगात मुरून राहिला. हक्क मिळाला होता. पाणी मात्र अजून परकेच होते.

त्याच उन्हाळ्यात मी सोलापुरातील जलतरण तलावावर नाव नोंदवले आणि नातीच्या वयाच्या मुलींबरोबर पोहायला शिकले. ही वार्ता आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याच्या कानी गेली. तो मालवणला स्कूबा डायव्हिंगचा प्रशिक्षक आहे. त्याने फोन केला, "जय भीम, बाई. आता समुद्रात या."

हा मुलगा पाचवीत वसतिगृहात आला, तेव्हा घरच्या आठवणीने रोज रडे आणि हुंदका ऐकू जाऊ नये म्हणून श्वास कोंडून धरी. सकाळच्या वंदनेनंतर त्याला समोर बसवून मी आनापानसती शिकवत असे. छातीजवळ तळहात धरून तो सावकाश पुढे न्यायचा, सावकाश मागे आणायचा. श्वास बाहेर, श्वास आत.

डिसेंबरात मी मालवणला गेले. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथल्या बुडालेल्या खडकांवर प्रवाळ वाढते. आधी तलावात सराव झाला, मग समुद्रात. पहिला नियम एकच: श्वास रोखायचा नाही. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो. तिथे भरून घेतलेली हवा कोंडून वर आले, तर ती प्रसरण पावते आणि फुप्फुस फाटू शकते.

शेवटच्या दिवशी, मी तयार आहे याची खात्री पटल्यावर, त्याने मला एका लहानशा बोगद्यातून नेले. दोन खडक एकमेकांवर रेललेले, खाली माणूस जाईल एवढी वाट, पलीकडे निळसर उजेड. वर छत असल्यामुळे घाबरून वर येण्याची सोय नव्हती. मध्यावर टाकी खडकाला घासली. तो आवाज कानात घुमला आणि माझा श्वास थांबला. आजीचा धाक घशाशी आला. माझे बुडबुडे छताला पाऱ्यासारखे चिकटले होते. नवा एकही उठत नव्हता.

पुढे असलेला तो वळला. त्याने छातीजवळ तळहात धरला, सावकाश पुढे नेला, सावकाश मागे आणला. तो हात मी ओळखला. बुडबुडे पुन्हा उठू लागले. काही क्षणांत आम्ही उजेडात होतो आणि चट्ट्यापट्ट्यांचे मासे आमच्या अंगावरून निर्धास्त जात होते.

बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, त्यामागचे कारण मला तिथे नव्याने उमगले. शाळेचे दार कायद्याने उघडते. पण आतल्या अनोळखी अंधारात पोराचा श्वास अडकतो, तेव्हा आधी त्या वाटेने गेलेले कोणीतरी पुढे असावे लागते. आपली निवासी शाळा याच कामासाठी उभी आहे.

पुढच्या २० मार्चला मी त्या मुलीला उत्तर दिले, "हो, उतरले." आज आपल्या शाळेच्या अकरा मुली रविवारी पोहायला जातात, तीही त्यांत आहे. आणखी मुली यादीत आहेत. माजी विद्यार्थ्यांनी त्यांच्या शुल्काचा भार उचलावा. ज्यांना पोहता येते, त्यांनी एखादा रविवारही द्यावा, ही नम्र विनंती.